निघतानाची हाळी

दुर्बीण हवी आहे होय? मग सरळ सांगा की. मघापासून माझ्या गुडघ्याची चौकशी करताय, चहा नको म्हणताय. तेव्हाच ओळखलं, यांचं काहीतरी काम आहे.

तर उद्या पहाटे तुम्ही मोटारीनं अलिबागकडे निघणार. समुद्र बघणार, पक्षी बघणार, नशिबात असेल तर कासव बघणार. उत्तम. आणि शेजारच्या शामकांत मास्तरांकडे दुर्बीण आहे, ती मी तुम्हाला मागून द्यायची. बन्सी, ही अक्कल तुझीच. श्रीमंताला एवढं सुचायचं नाही.

ती दुर्बीण मी मागणार नाही. तुम्हीही मागायची नाही. तोंडं पाडू नका, का ते सांगतो. सांगायलाच हवं, कारण तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार, आणि तुमचा ड्रायव्हरही गाडीवानाच्या घरातला आहे. कंदील जरा बारीक कर, डोळ्यावर येतो. आणि पाय वर घे रे, या ओट्याखाली विंचू निघतात. भुतांचं नंतर बघू.

सत्तेचाळीस साल. माघ महिना. शिवरात्रीच्या आधीचा रविवार, त्या रविवारची रात्र. परवा दोन वर्षं होतील. मी स्वतः मोटारीत नव्हतो, पण शामकांतनं मला हे जसं सांगितलं तसंच सांगतो, आणि शेवटचं जे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शामकांतला तुम्ही ओळखता. चित्रकलेचा मास्तर. जिवंत प्राणी दिसला की याची पेन्सिल निघालीच. त्याला एक मुलगी होती, लीना. तुम्ही तेव्हा पुण्यात शिकत होता, तुम्हाला आठवायची नाही. पाच वर्षांची. भारी बडबडी. माझ्या टोपीत चिंचोके भरून ठेवायची आणि मी टोपी घातली की पळायची.

शामकांत तिला पाटीवर कासव काढून दाखवायचा. सांगायचा, माघात कासवी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. लीनानं हट्ट धरला, मला दाखव. तो म्हणाला, येत्या माघात जाऊ. आषाढात तिला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी... असो.

ती दुर्बीण शामकांतनं लष्कराच्या लिलावातून मिळवली ती श्रावणात. आधीच कुणाला तरी सांगून ठेवली होती, पोरीसाठी. हातात आली तेव्हा पोर नव्हती. लीनानं त्या दुर्बिणीला कधी हात लावला नाही. एवढं लक्षात ठेवा.

तिच्या आईनं, सुचित्रावहिनींनी, त्यानंतर बोलणंच टाकलं. स्वयंपाक करायच्या, धुणं करायच्या. विचारलं तर हो किंवा नाही. रडल्यासुद्धा नाहीत. आणि मग दुपारी मागच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायला लागल्या. शामकांत शाळेतून मला निरोप पाठवायचा, जरा बघा म्हणून. एक दिवस इथंच, तू बसलायस ना श्रीमंत, तिथं बसून तो म्हणाला, "यज्ञेश्वरराव, हीसुद्धा जाणार हो. मी नुसता बघत राहणार."

म्हणून त्यानं तो प्रवास ठरवला. जो पोरीला दाखवायचा होता तो समुद्र बायकोला दाखवायचा. त्याला वाटलं, हवा बदलेल, काहीतरी होईल. एका व्यापाऱ्याची जुनी फोर्ड मिळाली, पेट्रोलच्या कुपनांची कशीबशी सोय झाली. ड्रायव्हर कानिफनाथ. पाथर्डीकडचा, चांगला दांडगा माणूस. त्याच्या घरात आजा-पणजापासून बैलगाड्यांची वाहतूक.

आता गाडीवानांची एक रीत असते. दहा-बारा गाड्या एकामागून एक चालायच्या. मुक्कामावरून निघताना शेवटच्या गाडीवाल्यानं उभं राहायचं, तोंड मागं करायचं आणि हाळी द्यायची, "कुनी मागं राह्यलं असंल त्यानं या हो, गाड्या निगाल्या." कुणी झाडाखाली झोपलेला असतो, कुणी ओढ्याला गेलेला असतो. माणूस सुटू नये, एवढाच अर्थ. आणि गाव आलं की दुसरी हाळी, "गाव आलं हो, ज्याचं त्यानं उतरावं." कानिफनाथ मोटार चालवायला लागला तरी ही रीत त्यानं सोडली नव्हती. मोटारीत दोन माणसं असोत नाहीतर पाच, निघताना हा फुटबोर्डवर उभा राहून मागं तोंड करून ओरडणार. लोक हसायचे. हा म्हणायचा, "आमच्यात असंच हाय."

गेले. अलिबाग पाहिलं, रेवदंडा पाहिलं. शामकांतनं चित्रांच्या दोन वह्या भरल्या. समुद्रगरुडाचं घरटं काय, ओहोटीला वाळूवर धावणारे तुतवार पक्षी काय. वहिनी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आणि खाली ठेवायच्या. बोलत नव्हत्या. मग शेवटचा मुक्काम एका लहानशा कोळीवाडीत केला. तिथं शुक्रवारी रात्री कासवी आली. वाळू उकरून अंडी घातली, वर वाळू लोटली आणि सरपटत पाण्यात गेली. तेव्हा वहिनी बोलल्या. कितीतरी महिन्यांनी पुरतं वाक्य. म्हणाल्या, "ही मागं वळूनसुद्धा बघत नाही."

ज्या कोळणीकडे ते उतरले होते, तिची एक पोर गेली होती. सात वर्षांची. ओहोटीला खडकावर कालवं काढायला गेली आणि भरतीनं धरली. सापडलीच नाही. कोळीण रोज दुपारी मूठभर भात पाण्याच्या कडेला ठेवायची. तिनं वहिनींना सगळं सांगितलं. पोर कशी होती, केस कसे होते. कालवं फोडताना कोयतीनं तिचा उजवा अंगठा कापला होता, त्याचा आडवा व्रण होता, तेसुद्धा. दोघी किती वेळ बसून होत्या. शामकांत म्हणतो, मला बरं वाटलं. दुसऱ्या कुणाचं दुःख ऐकून तरी हिचं मन मोकळं होईल.

रविवारी दुपारी निघाले. मोटार पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या, कडेला उभी. सामान चढलं. कोळीण खाली पाण्याशी भात ठेवायला गेली होती. कानिफनाथनं हँडल मारलं, फुटबोर्डवर चढला, मागं तोंड केलं. आता मागं काय होतं? आपल्याकडे मागं झाड असतं, ओढा असतो, फार तर देऊळ. तिथं मागं समुद्र होता.

त्यानं हाळी दिली. "कुनी मागं राह्यलं असंल... त्यानं या हो..."

किनाऱ्यावरची माणसं पाण्याकडे तोंड करून असं कुणाला बोलवत नाहीत. तिथून निघताना मुकाट्यानं निघायचं असतं. हे आपल्या कोरड्या मुलखातल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? कोळणीनं ऐकलं आणि ती धावत सुटली. मोटार तोवर निघाली होती. शामकांतनं मागं पाहिलं, तर बाई वाळूत उभी, दोन्ही हात वर. त्याला वाटलं, निरोप देतेय. यानंही हात हलवला.

ऐकताय ना? बन्सी, मागं काय बघतोयस, तिथं माझी काठी आहे.

पेण गेलं, पनवेल गेलं. खंडाळ्याचा घाट चढायला लागले तेव्हा दिवस मावळत होता. वहिनी मागच्या सीटवर मध्ये बसल्या होत्या, त्या सरकून कडेला झाल्या. शेजारी जागा केली. आणि खिडकीतून बघत म्हणाल्या, "एवढा डोंगर तिनं पाहिलाच नव्हता."

शामकांतनं विचारलं, "कुणी?"

वहिनी नुसत्या हसल्या. आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच त्यानं मोटार का नाही थांबवली? अरे, सात महिन्यांनी बायको हसली होती. त्याला विचारायचंच नव्हतं. मी असतो तरी विचारलं नसतं. घाटावर चहाला थांबले. हॉटेलवाल्यानं तीन कप चहा आणला आणि एक पेला दूध. म्हणाला, "पोरीला दूध आणलंय." कानिफनाथनं त्याच्याकडे पाहिलं. मग मोटारीकडे पाहिलं. दूध वहिनी मोटारीत घेऊन गेल्या. पेला परत आला तो रिकामा. तळाला थोडी वाळू होती.

पुणं सोडलं तेव्हा रात्र बरीच झाली होती. अमावास्या जवळ आलेली, चंद्राचा पत्ता नाही. रस्त्यावर दुसरं वाहन नाही. मागच्या सीटवर वहिनींची कुजबूज चालली होती. मध्येच थांबायच्या. ऐकल्यासारख्या. मग पुन्हा बोलायच्या. शामकांत पुढं बसला होता. मान मागं वळवायची त्याची हिंमत होईना.

शिरूर आलं. घोडनदीचा पूल ओलांडला की आपला जिल्हा. पुलावर मोटार बंद पडली. कानिफनाथनं हँडल मारलं. सुरू झाली. हातभर गेली आणि बंद. पुन्हा मारलं. पुन्हा बंद. खाली पाणी होतं थोडंसं... काळं...

मागून वहिनींचा आवाज आला. अगदी हळू. "घाबरू नकोस गं. ही नदी आहे. गोडं पाणी आहे हे."

मोटार सुरू झाली.

वाडेगव्हाण मागं पडलं. सुप्याच्या अलीकडचा तो माळ तुम्हाला माहीत आहे. झाड नाही, दिवा नाही. मोटार सपाट रस्त्यावर चढावर चालल्यासारखी चालली होती. शामकांतला पायाशी गार लागलं. त्यानं खाली हात घातला. पाणी. मोटारीच्या तळाशी पाणी. त्यानं बोट जिभेला लावलं...

खारट.

त्यानं हात मागं नेला. वहिनींचा हात धरला. बर्फ. लुगड्याचा काठ ओला. थेंब गळत होते. एकेक. त्यानं हाक मारली, "सुचित्रा."



कानिफनाथनं ब्रेक दाबला. खाली उतरला. एवढा दांडगा माणूस, पण त्याची पाचावर धारण बसली होती. शामकांतला बाजूला नेऊन म्हणाला, "मास्तर, माज्या हाळीला कुनीतरी आलंय. मी न्हाई बगितलं तिकडं, बगनार बी न्हाई. पर गाडी जड झालीय. लई जड."

"मग दुसरी हाळी दे. उतरव."

"हितं? हे तिचं गाव हाय का? आजा सांगायचा, दुसऱ्याच्या गावात उतरवलं तर ते तितंच फिरत ऱ्हातं. कायमचं. आन् न्हाई उतरवलं तर..."

"तर काय?"

"तर ते जागा धरतं. गाडीतल्या एकाची जागा. मग त्या मान्साला उठावं लागतं, मास्तर."

हे वहिनींनी ऐकलं. दार उघडंच होतं. त्या आतून म्हणाल्या, "माझी घेऊ दे. मी देते."

शामकांत तिथं रस्त्यावर खाली बसला. मातीत. म्हणाला, "लीना गेली. आता तू. मी काय करू गं?" तो रडला. मला सांगतानाही रडला. वहिनी म्हणाल्या, "ही लीना नाही. मला माहीत आहे. हिचा अंगठा मी चाचपून पाहिलाय. पण लहान आहे हो... गारठली आहे." आणि मग म्हणाल्या, "उजाडेपर्यंत थांबा. तिला हरणं बघायचीत. मी कबूल केलंय."

थांबले. काय करणार? कानिफनाथ रस्त्याच्या कडेला घोंगडी डोक्यावरून घेऊन बसला. शामकांत मोटारीच्या दाराशी. वहिनींचा हात त्यानं सोडला नाही. हात आणखी गार होत चालला होता. ओठ निळे पडले होते. आतून मधूनच बारीक खोकल्याचा आवाज यायचा. पाणी नाकात गेल्यावर लहान मूल खोकतं ना... तसा.

तो खोकला वहिनींचा नव्हता.

मग झुंजुमुंजु झालं. माळावर काळविटांचा कळप दिसला. पुढं नर, मागं माद्या, पाडसं. वहिनींनी दुर्बीण उचलली. डोळ्याला नाही लावली. सीटवर, आपल्या शेजारी, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरली. तशीच धरून बसल्या. म्हणाल्या, "ती बघ, ती आई. आणि तिच्यामागं ते पिल्लू."

चरणाऱ्या कळपानं एकदम माना वर केल्या. सगळ्यांनी. मोटारीकडे बघत राहिले. पळाले नाहीत. हलले नाहीत...

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वहिनींनी दुर्बीण खाली ठेवली. शामकांतकडे पाहिलं. नीट पाहिलं, लीना गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "मी तिला म्हटलं, मला आई म्हण. ती म्हणत नाही. तिला तिची आई पाहिजे."

आणि कानिफनाथला म्हणाल्या, "गाडी वळवा."

घरापासून पंधरा-वीस मैलांवर आलेली मोटार त्यांनी परत समुद्राकडे वळवली. शिरूरला कुणाच्या तरी हातापाया पडून पेट्रोल मिळवलं. दिवसभर चालले. वहिनींना बसवेना, त्या सीटवर आडव्या झाल्या होत्या, पण शेजारची जागा तेवढी मोकळी ठेवली होती. श्वास इतका बारीक की शामकांत सारखा नाकाशी हात धरून बघायचा. वाडीवर पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. कोळीण पुळणीवरच बसलेली. आदल्या दुपारपासून उठली नव्हती म्हणे. तिच्यापुढं पाण्याच्या कडेला भात तसाच होता, लाटेनं नेला नव्हता.

कानिफनाथ फुटबोर्डवर चढला. दोनदा घसा खाकरला. मग दिली हाळी.

"गाव आलं हो... ज्याचं त्यानं उतरावं."

मागचं दार उघडलं. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर होते, शामकांत पुढं होता. कुणी उघडलं, ते मला विचारू नका. कोळीण जागची उठली नाही. तिनं फक्त पदर पसरला आणि मग हळूच मिटून घेतला, आत कुणाला तरी घेतल्यासारखा. लाट आली. भात गेला.

आणि सुचित्रावहिनी रडल्या. लीनाचं नाव घेऊन रडल्या. त्यांच्या हाताला ऊब आली तसा शामकांतच्या जिवात जीव आला. रात्र तिथंच काढली. सकाळी निघाले ते मुकाट्यानं. हाळी नाही, वळून बघणं नाही. त्या कासवीसारखे.

आता मी पाहिलेलं सांगतो. मंगळवारी रात्री मोटार इथं दारात आली. मी कंदील घेऊन पुढं झालो. कानिफनाथ उतरून उभा राहिला. म्हणाला, "बाई, आता कुनीच न्हाई गाडीत, आपनच हाय. पोचल्याची हाळी देऊ का नको?"

वहिनी म्हणाल्या, "द्या ना. रीत आहे तुमची."

त्यानं दिली. याच रस्त्यावर. "गाव आलं हो, ज्याचं त्यानं उतरावं." शामकांत उतरला. वहिनी उतरल्या. उतरल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, सामान राहिलंय काही. कंदील वर केला. सीटवर काही नव्हतं. त्या तशाच थोडा वेळ थांबल्या, मग दार लावून घेतलं. जपून, कुणाची बोटं चेमटू नयेत असं.

सकाळी शामकांत दुर्बीण पुसायला बसला. मला हाक मारली. एका मोठ्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता. लहान मुलाचा. मध्ये आडवी रेघ, व्रणाची. त्यानं फडक्यानं पुसला, जाईना. ओल्या फडक्यानं पुसला, जाईना. मग उजेडात धरून पाहिलं. ठसा काचेच्या आतल्या बाजूला होता. पुण्याला एका चष्मेवाल्याला दाखवला, तो म्हणाला, दुर्बीण उघडल्याशिवाय तिथं बोट जायचं नाही, आणि ही कधी उघडलेली दिसत नाही. उघडून साफ करून देतो म्हणाला.

शामकांत देणारही होता. वहिनींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. दुसरी काच त्याच्यापुढं धरली. ती आम्ही कुणी नीट पाहिलीच नव्हती.

तिच्यावरही एक ठसा होता. आतूनच. पहिल्याहून लहान. त्याला व्रण नव्हता.

तो कुणाचा, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दुर्बीण त्यांच्या माजघरात खुंटीला आहे, खालच्या खुंटीला, पाच वर्षांच्या पोराचा हात पोचेल अशा. ती काच वहिनी आजपर्यंत कुणाला पुसू देत नाहीत.